आमच्या गावची झेडपी शाळा: तक्त्यात लाल, माझ्याकडून पाच स्टार

माझी दोन्ही लेकरं गावातल्याच झेडपीच्या शाळेत आहेत, मोठी चौथीत, लहाना दुसरीत, अन् मी शाळा व्यवस्थापन समितीत पण आहे, तर हा रिव्ह्यू जाता-येता कंपाउंडच्या बाहेरून पाहून लिहिलेला नाही. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडचं, सगळा कापसाचा पट्टा, मधात मधात सोयाबीन अन् तूर. शाळेत गावातली लेकरं येतात, बाजूच्या बंजारा तांड्यावरची येतात अन् वर कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे पोड, आहे तिथली पण येतात. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक गुरुजी, एक मॅडम.

आता लिहायला काहून बसली ते सांगते. मध्यंतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण्यातरी चाचणीचा तक्ता फिरला, शाळांची नावं, समोर टक्के, अन् टक्क्यांवर हिरवा पिवळा लाल असे रंग मारलेले. आमची शाळा लाल. झालं मग, ग्रुपवर नुसता धुरळा. "मास्तरायले एवढा पगार अन् पोट्ट्यायले वजाबाकी येत नाही." "बंद करा हे शाळा, कॉन्व्हेंटची व्हॅन बोलवा गावात." एका काकाजींनी तर लिहिलं की गुरुजीची बदली करा म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या. यातले बरेच जण मतदानाचा दिवस सोडला तर शाळेच्या फाटकाच्या आत आलेले नाहीत, मला राग आला तो त्याचा. ज्या माणसाचं काम पाहिलं नाही त्याला एका रंगावरून कामचुकार ठरवायचं हे मला पटत नाही, अन् मी ते काम पाहिलं आहे म्हणून लिहिते.

पहिले शिकवण्याचं सांगते, कारण शाळा म्हटलं की मुख्य तेच.

दोन मास्तर अन् चार वर्ग. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्काच्या, कायद्यातच आहे की ६० पर्यंत पट असला की दोन शिक्षक, मग वर्ग चार असो का पाच. म्हणून मॅडमच्या खोलीत तिसरी अन् चौथी सोबतच बसते. मी समितीच्या कामानं गेली होती तेव्हा मागे बसून पूर्ण तास पाहिला. चौथीवाल्यांना जोडीजोडीनं धडा वाचायला लावला, एक वाचतो, दुसरा बोट फिरवतो, चुकला की थांबवतो. तेवढ्या वेळात तिसरीला वजाबाकी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या तोडून सारख्या लांबीच्या केलेल्या, दहा-दहाचे गठ्ठे, वरून रबर. ५२ मधून २७ काढायचे. पोडावरचं एक लहानसं पोरगं उठलं, पाच गठ्ठे अन् दोन सुट्या काड्या समोर मांडल्या, सात काढायला गेलं तर सुट्या दोनच. थांबलं. मागून पोरं उत्तर ओरडायला लागली तर मॅडमनी हातानंच चूप केलं, स्वतः पण काही बोलल्या नाहीत. पोरानं बराच वेळ गठ्ठ्यांकडे पाहिलं, मग हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या सांडल्या, मोजल्या, बारा झाल्या. त्यातून सात उचलल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन बाजूला सरकवले. पंचवीस. स्वतःशीच कोलामीत काहीतरी बोललं अन् हसलं, मॅडमनी पण दोन शब्द कोलामीतच उत्तर दिलं. तेवढ्यात तिकडे चौथीच्या एका जोडीचं भांडण लागलं होतं ते पण मिटवलं. हे रोजचं आहे, कोणी पाहायला आलं म्हणून केलेलं नाही, काड्यांचे गठ्ठे वापरून वापरून गुळगुळीत झालेले होते.

त्या पोराला वजाबाकी येते का? मी म्हणते येते, अन् मुळातून येते. पण तेच छापील मराठी कागदावर आलं, शाब्दिक उदाहरण, खाली चार पर्याय, तर ते अडकते, कारण घरी मराठी कोणी बोलत नाही अन् उदाहरण वाचण्यातच त्याचा अर्धा जीव जातो. पहिलीत आलं तेव्हा त्याला मॅडम काय म्हणतात तेच कळत नव्हतं, रडत बसे. तिथून तिसरीत दशक सुटा करण्यापर्यंत आलं. ही चाल तक्त्यातल्या कोणत्या रकान्यात लिहिली जाते? कोणत्याच नाही. तक्ता फक्त त्या दिवशी कुठे उभा आहे ते सांगतो, निघाला कुठून होता ते सांगत नाही.

आपण सगळे शेतीवाले लोक आहोत म्हणून एक विचारते. कोरडवाहू वावर अन् ओलिताचं वावर, दोघांचं एकरी किती क्विंटल झालं तेवढंच पाहून कोणता शेतकरी आळशी ते आपण ठरवतो का? नाही ठरवत. मग मास्तरच्या वेळीच हे भान कुठे जाते?

अजून एक. तांड्यावरची चौथीतली एक मुलगी आहे, नाव लिहीत नाही. कापूस फुटला की तिची माय वेचणीला जाते अन् लहाना भाऊ हिच्या कडेवर. आधी अशा पोरी दिवाळीनंतर शाळेत दिसतच नव्हत्या, पटावर नाव अन् हजेरीत गैरहजर. मॅडमनी तिच्या मायला सांगितलं की भावाला घेऊन पाठव, चालते. मागच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली, पोरगं तिथे खेळते, झोपते. चाचणीच्या दिवशी पण ते सोबतच होतं. तिनं पहिलं पान पूर्ण सोडवलं, मग भाऊ रडायला लागला, त्याला घेऊन व्हरांड्यात गेली, परत येऊन दोन ओळी लिहिल्या, परत तो रडला, परत गेली. मागचं पान कोरंच राहिलं. तक्त्याच्या हिशोबानं ही अप्रगत. अन् हीच मुलगी मायच्या वेचाईचा हिशोब वहीत ठेवते, कोणत्या दिवशी किती किलो, १० रुपये किलोनं किती झाले, उचल किती घेतली, बाकी किती, अन् बाजाराच्या दिवशी शेतमालकासमोर उभी राहून तोंडी मिळवते. ती वही मी डोळ्यांनी पाहिली. त्या मायला सही सोडून लिहिता येत नाही. ते कोरं पान मॅडमच्या खात्यात टाकायचं अन् ही वही कोणाच्याच खात्यात नाही, हा कोणता हिशोब.

आता जरा तारखांचं पाहा, कारण हे कोणी बोलत नाही. शाळेतली पोरं किती शिकली ते तपासणारा देशपातळीवरचा नॅसचा सर्व्हे २०१७ ला झाला १३ नोव्हेंबरला. २०२१ ला झाला १२ नोव्हेंबरला. त्याच्या जागी परख नावाचा सर्व्हे आला, तो २०२४ ला ४ डिसेंबरला. आपल्या इकडे नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे काय असते ते मी सांगायची गरज नाही, वेचणी जोरात, माणूस मिळत नाही, घरातलं पोरगं पण वावरात. वरून दिवाळीच्या सुट्ट्या नुकत्याच संपलेल्या. गुरुजी त्या दिवसांत सकाळी मोटरसायकल घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरतात अन् पोरं गोळा करून आणतात, मागे दोन, पुढे टाकीवर एक. तांड्यावरची काही घरं तर ऊसतोडीला निघूनच जातात, ती लेकरं मार्चशिवाय दिसत नाहीत, आली की परत त्यांना पहिल्यापासून.

अन् २०२१ चं तर विचारूच नका. कोरोनानंतर आपल्या राज्यात खेड्यातले पाचवीपासून पुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, अन् पहिली ते चौथी १ डिसेंबरला. सर्व्हे झाला १२ नोव्हेंबरला, त्यात तिसरी पण होती. म्हणजे तिसरीचं लेकरू शाळा उघडायच्या आधीच तपासलं! ते पहिलीत बसलं २०१९ ला, मार्च २०२० ला शाळा बंद, दुसरी पूर्ण घरी, घरी मोबाईल एक अन् तो बापाच्या खिशात, रेंज पिंपळाच्या झाडाखाली. त्या सर्व्हेत देशभरातले ३४ लाख विद्यार्थी होते, आकडा मोठा दिसला की लोकांना वाटते पक्कं आहे. त्याचा निकाल आला तेव्हा पण बोलणं हेच, मास्तर काय करतात. त्या काळात आमचे गुरुजी ओट्याओट्यावर चार-चार पोरं बसवून शिकवत होते, तोंडाला दुपट्टा बांधून. ते पाहिलेले लोक याच ग्रुपवर आहेत.

बरं ज्या आकड्यांवरून शिव्या देता तेच आकडे पूर्ण तरी वाचा. असरचा सर्व्हे आहे, प्रथम नावाच्या संस्थेचा, तो शाळेत नाही, घरोघरी जाऊन करतात. देशातल्या खेड्यांमधल्या सरकारी शाळांच्या तिसरीतली किती मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात, तर २०१८ ला २०.९ टक्के, कोरोनानंतर २०२२ ला पडून १६.३, अन् २०२४ ला २३.४. म्हणजे दोन वर्षांत खड्डा भरून काढला अन् वर पण गेले. कोणी भरून काढला? याच मास्तरांनी. २३ म्हणजे लय कमी आहे, शंभरातली सत्त्याहत्तर पोरं अजून वाचू शकत नाहीत, हे मला पण टोचते, माझी पण लेकरं आहेत. पण पडलं तेव्हा मास्तर जबाबदार अन् चढलं तेव्हा कोणीच नाही, असं कसं चालेल. अन् हा सर्व्हे जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं असा नमुना घेऊन होतो, त्याच्यावरून एका गावची शाळा चांगली का वाईट हे निघतच नाही, तो त्यासाठी बनलेलाच नाही. जिल्हा खाली आला म्हणून तुमच्या गावच्या मॅडमला बोलणं हे त्या सर्व्हेवर पण अन्याय आहे.

शिकवण्याला वेळ किती मिळतो ते पण सांगते, कारण समितीत असल्यामुळे मला ते रजिस्टर दिसतात. आरटीईच्या कलम २७ मध्ये लिहिलं आहे की शिक्षकांना जनगणना, आपत्तीचं काम अन् निवडणूक सोडून बिगर शैक्षणिक काम द्यायचं नाही. आता २०२४ चं एकच वर्ष घ्या. २३ जानेवारीपासून मराठा समाजाच्या मागासलेपणाचा सर्व्हे, मास्तर मोबाईल घेऊन घरोघरी. मग लोकसभा, आमचा आर्णी मतदारसंघ चंद्रपूरमध्ये येतो, १९ एप्रिलला मतदान, त्याच्या आधी ट्रेनिंगवर ट्रेनिंग. मग २० नोव्हेंबरला विधानसभा, अन् त्याच्या बरोबर दोन आठवड्यांनी ४ डिसेंबरला परख. नोव्हेंबरमध्ये दिवाळी, निवडणूक अन् वेचणी मिळून शिकवायला दिवस किती उरले ते तुम्हीच मोजा. एक जण ड्यूटीवर गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. हे सोडून रोजचं आहेच, पोषण आहाराचा हिशोब, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, किती शिजला किती उरला, ॲपवर भरा, यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरा, पोरांचं आधार जुळवा, नाव एका अक्षरानं चुकलं तर ते पोरगं संचमान्यतेत, म्हणजे पटावरून मास्तरांची पदं ठरवतात त्यात, धरत नाहीत अन् मग मास्तरचं पदच जायची भीती. फोटो काढा, टाका. गुरुजी एकदा म्हणाले, "ताई, शिकवाले भेटते तेवढा वेळ सुखाचा असते." एवढंच, तक्रारीच्या सुरात पण नाही.

अन् सगळं राज्यभर एकाच मापानं. आपल्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा सुरू होते, २०२५ ला बाकी राज्यात १६ जूनला अन् विदर्भात २३ जूनला. पण परीक्षेचं वेळापत्रक सगळीकडे एकच, त्याच वर्षी एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत पेपर ठेवले. टिनाच्या खोलीत, लाईन गेलेली, अन् त्या गर्मीत लेकरं पेपर लिहितात. मी माझ्या लहान्याला ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून पाठवलं होतं.

नेटवर थोडं वाचत असते तर अमेरिकेचं कळलं. तिथे २००२ ला कायदा केला की दरवर्षी चाचण्या घ्या अन् २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं प्रगत झाली पाहिजेत, नाही तर शाळेवर कारवाई. शंभर टक्के काही झाले नाहीत. अटलांटा शहरात तर पेपरवर खाडाखोड करून मार्क वाढवण्याचं मोठं प्रकरण निघालं अन् २०१५ ला ११ जण कोर्टात दोषी ठरले. वरून दट्ट्या बसला की खालून आकडेच येतात, शिक्षण येत नाही. शेवटी २०१५ च्या डिसेंबरमध्ये तो कायदा बदलला. अन् तिथल्या संख्याशास्त्राच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ ला स्पष्ट सांगितलं की मुलांच्या मार्कांत जो फरक पडतो त्यातला १ ते १४ टक्केच फरक शिक्षकामुळे असतो असं बहुतेक अभ्यासांत दिसते, बाकी सगळं दुसऱ्या कारणांनी. हे मास्तरांच्या युनियनवाल्यांनी म्हटलेलं नाही, आकडे मोजणाऱ्यांनीच म्हटलेलं आहे.

चाचणीच नको असं माझं म्हणणं नाही. आमच्याच गुरुजींनी वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीचे पेपर घेऊन बसून कोणतं पोरगं कुठे अडकलं ते काढलं, जोडाक्षरावाले वेगळे, हातच्यावाले वेगळे, अन् मधल्या सुट्टीनंतर रोज त्यांना गटानं घेतात. माझा लहाना त्या जोडाक्षराच्या गटात होता, आता पोषण आहाराच्या पोत्यावरचं पण वाचून दाखवते. याच्यासाठी चाचणी पाहिजे. ती मास्तरच्या हातात असली तर कामाची.

अन् सगळेच मास्तर चांगले असं पण मी म्हणणार नाही. अकरा वाजता येऊन तीनला निघणारे मी पाहिले आहेत, शहरात घर करून राहायचं अन् गावातल्या लेकरांशी काही घेणंदेणं नाही असे. त्यांना पकडायला पण तक्ता कामाचा नाही, उलट असा माणूस फळ्यावर उत्तरं लिहून देऊन आपली शाळा हिरवी करून घेईल. त्यांना पकडायला समितीची बैठक आहे, हजेरी पाहायचा आपल्याला हक्क आहे, समितीत तीन चतुर्थांश पालक अन् निम्म्या बाया असाव्या असा कायदाच आहे. पण बैठकीला बोलावलं की लोक येत नाहीत, सही घरी मागवतात. मास्तरवर लक्ष ठेवायचं असेल तर तिथे या ना.

कॉन्व्हेंटचं विचारतात म्हणून थोडक्यात. गावातली काही लेकरं व्हॅननं तालुक्याला जातात, ज्याची त्याची मर्जी. तिथे लेकरू मागे पडलं तर पालकांना बोलावून ट्यूशन लावा म्हणतात, जमत नसेल तर दुसरीकडे पाहा म्हणतात. आमच्या मॅडमना ते म्हणता येत नाही अन् त्या म्हणत पण नाहीत. ज्या शाळेत कडेवर भाऊ घेऊन आलेली मुलगी बसते त्या शाळेची सरासरी अन् फी भरणाऱ्या घरातलीच मुलं जिथे बसतात तिथली सरासरी, यांची बरोबरी लावायची नाही.

आता जे वाईट आहे ते. इमारतीला मी दोन स्टार देते. दुसऱ्या खोलीचं छत गळते, पावसात पोरांना एका बाजूला सरकवावं लागते. संडास आहे पण पाण्याची टाकी फुटलेली, मोठ्या पोरींची अडचण होते, माझी मुलगी दुपारपर्यंत पाणी पीत नाही त्याच्यामुळे. कंपाउंडला फाटक आहे पण एका बाजूची भिंत पडलेली, ढोरं आत येतात. हे सगळं ग्रामपंचायत अन् जिल्हा परिषदेचं काम आहे, ठरावाच्या नकला माझ्याकडे आहेत. ग्रुपवर ज्यांना बदलीचा ठराव पाहिजे होता त्यांनी टाकीचा ठराव घ्यावा, मी पहिली सही करते. खिचडी चांगली असते, स्वयंपाकीण ताई मन लावून करतात, मी चाखून पाहिली आहे. वाचनाची पुस्तकं कमी आहेत, आहेत तेवढी पोरं घरी नेतात, हे मला सगळ्यात आवडते, पेटीला कुलूप नाही.

शिकवण्याला पाच पैकी पाच. गुरुजींचं रिटायरमेंट जवळ आलं आहे अन् त्यांच्या जागेवर लवकर कोणी येईल असं काही दिसत नाही, खरी काळजी ही आहे. एकाच मॅडमवर चार वर्ग पडले तर तक्ता अजून लाल होईल अन् तेव्हा परत मॅडमलाच बोलतील. म्हणून पद रिकामं राहू नये याचा अर्ज समितीकडून आत्ताच द्यायचा आहे, सह्या पाहिजेत.

पहिलीत टाकायचं असेल तर जूनमध्ये सरळ शाळेत या, जन्माचा दाखला अन् आधार आणा, नसलं तरी दाखल्यासाठी प्रवेश अडवत नाहीत. अन् नुसतं पाहायचं असेल तर मधल्या सुट्टीनंतर या, तेव्हा गट बसलेले असतात. मॅडमना आधी फोन करायची गरज नाही, चप्पल बाहेर काढून मागे बसायचं.